तक्ता पाठ असलेली शाळा

टेबलावर अकरा शाळांचे फॉर्म होते आणि त्यांतल्या एकाही मुलाच्या डोळ्यांत दोष नव्हता.

डॉ. मगदूम यांनी शेवटचा फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही लिहिलेले नव्हते.

"इतकी चांगली नजर घारीला तरी असते का हो?" त्यांनी विचारले.

"खेड्यातली मुलं आहेत. हवा चांगली, दूधदुभतं चांगलं," मी म्हणालो.

"हवेनं सगळी पोरं सारखी होत नाहीत. सगळ्यांची उंची सारखी आहे का? मग नजर कशी सारखी झाली?"

रिपोर्ट मात्र सोमवारी द्यायचा होता, आणि तो दिवस गुरुवार होता.

मी त्या वेळी कोल्हापूर दरबारच्या शिक्षण खात्यात चौकशीचे रिपोर्ट लिहिण्याच्या कामावर होतो. त्याआधी एका साप्ताहिकात बातमीदार होतो. खात्याने मला घेतले ते अक्षर चांगले म्हणून नव्हे, तर लिहिलेले कमी शब्दांत बसते म्हणून. संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता. महाराजांचे त्यावर बारीक लक्ष असे. त्यामुळे खात्यातल्या प्रत्येकाचे लक्ष त्यावर असे.

सक्तीबरोबर एक अडचण आली होती. शाळेत येऊनही काही मुले काहीच शिकत नव्हती. अशा मुलांबद्दल मास्तर आणि इन्स्पेक्टर या दोघांचा अभिप्राय एक पडला, तर मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी करता येई. त्यासाठी एक यादी तयार होत असे. कागदावर तिचे नाव 'अपात्र विद्यार्थी' होते. ऑफिसात तिला मठ्ठांची यादी म्हणत.

डॉ. मगदूम दरबारच्या दवाखान्यात डोळ्यांचे काम पाहत. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातले, मुंबईला शिकलेले. त्यांनी खात्याला एक प्रश्न लिहून पाठवला होता: यादीतली मुले खरोखर मठ्ठ आहेत, की त्यांना फळा दिसत नाही? दरबारातून मंजुरी आली आणि त्या प्रश्नाची रीतसर चौकशी ठरली. चौकशीची आखणी माझ्याकडे आली.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले होते.

त्यांनी नाकावरचा जाड चष्मा बोटाने वर सरकवला. "मी स्वतः चौदा वर्षं ढ होतो. चष्मा लागला त्या वर्षी वर्गात दुसरा आलो. पहिला आलो असतो, पण एकाचा बाप तिथंच मास्तर होता."

नजर तपासायची रीत सोपी होती. एका लांबट तक्त्यावर अक्षरे छापायची. वरची ओळ मोठ्या अक्षरांची, खाली प्रत्येक ओळ लहान. मूल वीस फुटांवर उभे करायचे, एक डोळा झाकायचा आणि वाचायला सांगायचे. ज्या ओळीवर अडेल, तिथे नजर संपली. यंत्र नको, औषध नको. तक्ता, दोरी आणि एक भिंत पुरे.

डॉक्टरांना अकरा शाळांत स्वतः फिरणे शक्य नव्हते. म्हणून टेस्ट मास्तरांनीच घ्यायची ठरली. मी तक्ता छापखान्यातून करून घेतला, फॉर्म आखले, सर्क्युलर लिहिले आणि तिन्ही गोष्टी शाळांना रवाना केल्या. खात्याची जुनी पद्धत अशी होती, की तपासणीच्या पंधरा दिवस आधी शाळेला सगळे साहित्य पोचले पाहिजे. मी पद्धत पाळली. साहित्य अठरा दिवस आधी पोचले. याबद्दल आमच्या हेडनी माझे कौतुकही केले होते.

आमचे हेड रावसाहेब देसाई. कामाला चोख, आवाजाला खणखणीत. अकरा शाळांचे निकाल कळल्यावर ते आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"काय डॉक्टर, सगळ्यांना दिसतंय म्हणे."

"फॉर्म तसं म्हणतायत."

"मग झालं की. यादीतल्या पोरांनाही दिसतंय?"

"त्यांना तर जरा जास्तच दिसतंय."

"म्हणजे मठ्ठपणा डोळ्यांत नसतो. डोक्यातच असतो. आपण एवढा कागद खर्चून हे शोधलं." रावसाहेब माझ्याकडे वळले. "सोमवारी रिपोर्ट द्या. त्याला यादी जोडा. माझी सही झाली की नावं कमी."

"एकदा एखादी शाळा डोळ्यांनी पाहिली असती तर बरं," डॉक्टर म्हणाले.

"पाहा की. उद्याचा दिवस आहे. टांगा मिळेल. पण सोमवार हलणार नाही. आणि डॉक्टर, एक सांगतो. ही चौकशी फुकट गेली, तर दुसरी मागायला माझ्याकडे येऊ नका. दरबारात मला तोंड दाखवायचं असतं."

रावसाहेब गेले. डॉक्टरांनी फॉर्मचा गठ्ठा परत पुढे ओढला आणि एक कागद वेगळा काढला.

"हा बघा."

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या शाळेचा तो फॉर्म होता. मुलीचे नाव हलीमा, वय नऊ. नजर: शेवटच्या ओळीपर्यंत, अचूक. तोंडी हिशेब: उत्तम. लेखी: काहीच नाही. शेरा: फळ्यावरचे पाटीवर उतरवता येत नाही, मठ्ठ आहे, नाव कमी करावे.

"तोंडी उत्तम आणि लेखी काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "असला मठ्ठपणा मी पुस्तकात वाचलेला नाही."

शुक्रवारी सकाळी आम्ही टांग्याने निघालो. डॉक्टरांच्या मांडीवर काचांची पेटी होती. तिच्यात जाड-पातळ भिंगे खाचांत ओळीने बसवलेली असतात. रिकाम्या फ्रेममध्ये एकेक भिंग बदलत जायचे आणि रोग्याला नीट दिसेल त्या भिंगाचा नंबर लिहायचा. वाटभर खडबडीत रस्ता होता आणि वाटभर डॉक्टर पेटी धरून बसले होते.

शाळा चावडीशेजारच्या पडवीत भरत असे. आम्ही उतरलो तेव्हा पडवीसमोर निम्मे गाव जमले होते. एक म्हातारा पुढे आला.

"पावणं, डोळ्यात सुई घालणार हाय म्हंत्यात, खरं व्हय?"

"नाही. नुसतं वाचायला लावणार," मी सांगितले.

"पलेगाच्या वक्ताला बी आदी नुसतं नाव लिवून घ्यायचं म्हनलं हुतं," म्हातारा म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मास्तरांचे नाव गुंडो मास्तर. बुटके, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. त्यांनी आमचे स्वागत केले आणि मुलांना उभे केले. शाळा स्वच्छ होती. फळा काळाभोर, त्यावर सकाळचे गणित होते. मुले नंबराप्रमाणे बसली होती. ही त्या काळची सगळीकडची रीत. परीक्षेत पहिला आलेला पुढे, शेवटचा मागच्या भिंतीला. हलीमा मागच्या भिंतीला होती.

डॉक्टरांनी मास्तरांना सांगितले, "तुम्ही टेस्ट जशी घेतलीत तशीच आज घ्या. मी मध्ये बोलणार नाही. मी नुसता बघतो."

मास्तर खूश झाले. त्यांनी तक्ता आणला. तक्त्याच्या वर आणि खाली बांबूची एकेक काठी होती, वरच्या काठीला दोरी. ती भिंतीतल्या एका खिळ्याला अडकवली. वीस फुटांची खूण चुन्याने मारून ठेवलेलीच होती. मास्तर हातात छडी घेऊन तक्त्याच्या बाजूला उभे राहिले. मी फॉर्म मांडीवर घेतले.

पहिला मुलगा खुणेवर आला. त्याने डावा डोळा तळव्याने झाकला आणि एका दमात सुरुवात केली.

"च. ट प. म ल द. ग न य र. क स ब व ह."

शेवटच्या ओळीला त्याने आवाज चढवला आणि थांबला. उजवा डोळा झाकून पुन्हा तेच. मी 'अचूक' लिहिले. दुसरा मुलगा आला. तोच दम, तोच चढ, शेवटच्या अक्षराला तोच हेल. तिसरा, चौथा तसेच. सहाव्या मुलापर्यंत माझा पायही त्या तालावर हलू लागला होता. डॉक्टरांनी एकदा माझ्या पायाकडे पाहिले.

नंतर मास्तरांनी हाक मारली, "हलीमा."

मुलगी मागून पुढे आली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले. गर्दीतला एक माणूस गुडघ्यावरचे मण्यांचे टोपले खाली ठेवून उठला आणि पडवीच्या कडेला आला. तो तिचा बाप बाबालाल पटवेगार. पटवेगार म्हणजे रेशमाच्या दोऱ्यात दागिने गाठवणारा. बाबालाल जोतिबाच्या वाटेवर यात्रेकरूंना काळे गोफ आणि माळा विकत असे.

हलीमाने डावा डोळा झाकला. त्याच वेळी डोंगराकडून वारा आला. पडवीत धूळ उडाली. तक्ता भिंतीवरून उचलला गेला, दोरीला पीळ पडला, आणि तक्ता पाठमोरा होऊन भिंतीला टेकला. आता समोर कोरा पांढरा कागद होता.

मास्तर मुलीकडे पाहत होते. त्यांनी छडी सवयीने पहिल्या ओळीच्या जागी टेकवली.

"च," हलीमा म्हणाली. "ट प. म ल द."

पुढच्या रांगेतला एक मुलगा फिस्सकन हसला. दुसऱ्याने त्याला कोपर मारले. हलीमा थांबली नाही.

"ग न य र. क स ब व ह."

तिने उजवा डोळा झाकला आणि कोरा कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत अचूक वाचला. आता सगळी शाळा हसत होती. मास्तरांनी "गप बसा" म्हणून छडी उगारली, मग कशाला हसतात म्हणून मागे वळले. छडी तशीच वर राहिली.

डॉक्टर उठले. हसले नाहीत. ते हलीमाजवळ जाऊन खाली बसले.

"तुला समोर काय दिसतंय?"

"तक्ता."

"कसा आहे?"

"पांढरा."

"आणि त्याच्यावर अक्षरं?"

मुलगी म्हणाली, "अक्षरं दिसायची नसत्यात. म्हनायची असत्यात."

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिले. "मास्तर, हा तक्ता मुलांच्या पाठ आहे?"

"आहे की," मास्तर अभिमानाने म्हणाले. "बिगरीपासून चौथीपर्यंत समद्यांच्या. रोज सांजच्याला परवचा झाला, की दोन वेळा घेतो. अठरा दिवस चुकवला न्हाय. त्या खाली बसल्यालीला सुद्धा येतोय." ते एका तीन वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवत होते. ती कुणाची तरी धाकटी बहीण होती, शाळेत नावही नव्हते. तिने लगेच "च, ट प" सुरू केले.

परवचा म्हणजे दिवेलागणीला पाढे आणि उजळणी एका सुरात म्हणणे. त्या शाळांतला तो रोजचा परिपाठ होता. शाळेत जे काही छापील येई, ते परवच्यात जाई.

"पण मास्तर, हे पाठ करायला नव्हतं दिलेलं," डॉक्टर म्हणाले.

"असं कसं? सर्क्युलर आलं, संगं तक्ता आला, तारीख आली. तपासणी हाय म्हनून लिवलं हुतं. सरकारनं पाठिवल्यालं पाठ करून घ्यायचं न्हाय, तर काय भिंतीला टांगून हळदकुंकू वाहायचं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. सर्क्युलरवर सही हेडची होती, मजकूर माझा होता. त्यात 'मुलांची तयारी ठेवावी' असे वाक्य होते. ते वाक्य खात्याच्या प्रत्येक सर्क्युलरमध्ये असे. मी ते विचार न करता उतरवले होते. बातमीदार असताना मी दुसऱ्याच्या मजकुरातली असली वाक्ये काढून टाकत असे.

अकरा शाळांचे निकाल त्या क्षणी रद्दी झाले. आम्ही दृष्टी मोजली नव्हती, पाठांतर मोजले होते. आणि पाठांतरात यादीतली मुलेही कुठे कमी पडली नव्हती.

डॉक्टरांनी पेटी उघडली. रिकामी फ्रेम हलीमाच्या नाकावर ठेवली. ती मोठ्या माणसाच्या मापाची होती, म्हणून एका बाजूने मी धरली. डॉक्टर एकेक भिंग घालून काढू लागले. "आता? आणि आता? हे बरं की ते?"

चौथ्या भिंगाला तिने मान वळवली, तसा मीही फ्रेम धरून वळलो.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या कोटाची दोन बटनं निराळी हायती."

मास्तरांनी खाली पाहिले. होती. शाळा पुन्हा हसली. या वेळी बाहेरचे गावही हसले.

नंतर ती फळ्याकडे वळली. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिने तो हळूहळू पाहिला. सकाळचे गणित, त्याच्या बाजूची आकृती, कडेला लिहिलेला वार.

"एवढं लिवत हुता व्हय?" तिने मास्तरांना विचारले.

मास्तरांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली.

"तुला फळा दिसत नाही हे तू कधी सांगितलं का नाहीस?" डॉक्टरांनी तिला विचारले.

"समद्यांस्नी तसाच दिसतोय वाटलं. ही पोरं अंदाजानं लिवत्यात, आनि मला अंदाज येत न्हाय."

आता बाबालाल पडवीत चढला. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"साहेब, पोरीची नजर वाईट म्हनू नगा. आमच्या गल्लीतल्या समद्या सुया हीच ओवती. मोहरीएवढा मणी असतोय, ह्यो माज्या बोटाला लागत न्हाय, ही एका झटक्यात ओवती. जोतिबाच्या वाटंवर हिच्यागत हात कुनाचा न्हाय."

"दाखवा," डॉक्टर म्हणाले.

बाबालालने सुई आणि रेशीम काढले. हलीमाने फ्रेम काढून माझ्या हातात दिली, सुई नाकाजवळ धरली आणि पहिल्याच खेपेला ओवली. गावाने माना हलवल्या. बाबालालने डॉक्टरांकडे पाहिले. कोर्टात पुरावा सादर केल्यासारखा तो उभा होता.

डॉक्टरांनी एका मुलाची पाटी घेऊन तिच्यावर डोळा काढला. "हे बघा. डोळ्याच्या मागं एक पडदा असतो. समोरच्या वस्तूचं चित्र त्या पडद्यावर पडलं तर स्पष्ट दिसतं. हिचा डोळा किंचित लांबट आहे. लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडंच पडतं. मग ते पुसट दिसतं. जवळच्या वस्तूचं बरोबर पडद्यावर पडतं. म्हणून सुई दिसते आणि फळा दिसत नाही. नजर वाईट नाही. नजर आखूड आहे."

"म्हंजे पोर आंधळी न्हाय?"

"नाही."

"मठ्ठ?"

"अजिबात नाही."

"मग मास्तर दोन वरसं मला काय सांगत हुतं? मी तिला शाळंतनं काढून माळा ओवायला बसिवनार हुतो. म्हनलं, तिकडं तरी डोकं चालतंय."

"चष्मा लागेल तिला. सरकारातून देऊ."

"चष्मा?" बाबालालचा आवाज चढला. "पोरीच्या जातीला? उद्या सोयरिकीला कोन ईल? म्हनतील, एवढ्यातच म्हातारी झाली."

यावर डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात बाबालालनेच पुढे विचारले, "हिला लांबचं दिसत न्हाय, व्हय?"

"हो."

"आनि बसिवलीया कुठं? मागच्या भिताडाला. मग म्होरं बसवा की."

मास्तरांनी पुढच्या रांगेकडे पाहिले, मागच्या भिंतीकडे पाहिले.

"बैठक नंबरावर असती," ते हळू आवाजात म्हणाले. "नंबर कमी, तर मागं."

"आनि मागं, म्हनून नंबर कमी," बाबालाल म्हणाला. "माळ हाय का काय ही, गोल गोल फिरायला?"

हे वाक्य मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले. बातमीदाराची सवय.

परतताना टांग्यातून शहर दिसू लागल्यावर डॉक्टरांनी विचारले, "रावसाहेबांना काय सांगायचं?"

"सर्क्युलर मी लिहिलं. मीच सांगतो."

शनिवारी सकाळी मी रावसाहेबांसमोर उभा राहून सगळे सांगितले. कोऱ्या तक्त्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवले आणि ते पुन्हा सांगायला लावले. मग हसले. मग हसणे थांबवून विचारले, "म्हणजे अकराही शाळांचा कागद फुकट?"

"होय साहेब. तक्ता आधी पाठवला ती माझी चूक."

"चूक कसली, पद्धतच तशी आहे. पद्धत चुकली असं कागदावर कसं लिहायचं?"

"'पद्धतीत सुधारणा केली' असं लिहिता येईल."

रावसाहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "साप्ताहिकात हेच करत होता काय?" ते म्हणाले. पण सोमवार हलला. त्यांनी स्वतः दरबारात जाऊन महिन्याची मुदत आणली आणि मुदत संपेपर्यंत मठ्ठांची यादी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावले.

पाठ न होणारा तक्ता कसा करायचा, हा प्रश्न होता. डॉक्टरांना विलायती पुस्तकात एक युक्ती वाचल्याचे आठवले. अक्षराऐवजी तीन दातांची एक आकृती असते आणि मुलाने दात कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे. मुलाला अक्षर येण्याची गरजच नाही. पण ती आकृती इथल्या मुलांना काय म्हणून सांगायची? मी कंगवा सुचवला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून आम्ही चौकोनी पुठ्ठ्यांवर लहान-मोठे कंगवे काढून घेतले. पुठ्ठा हातात धरून कसाही फिरवायचा आणि विचारायचे: दात कुठे?

पहिली टेस्ट ऑफिसातच झाली. रावसाहेब हौसेने वीस फुटांवर उभे राहिले. मोठे कंगवे त्यांनी झटपट ओळखले. सर्वांत लहान कंगव्यापाशी ते थबकले, पुढे वाकले आणि म्हणाले, "हा जुना दिसतोय. याचे दात झिजलेत."

डॉक्टरांनी त्यांच्या नावापुढे काहीतरी लिहिले. काय लिहिले ते आम्ही कोणी विचारले नाही. पुढच्या महिन्यात रावसाहेब चष्मा लावून आले.

त्या महिन्यात डॉक्टर दवाखान्यातून रजा मिळेल त्या दिवशी आणि मी रोज, असे फिरून आम्ही अकराही शाळा पुन्हा तपासल्या. कोणत्याही शाळेला आधी कळवले नाही. यादीतल्या बऱ्याच मुलांचे हात चुकीच्या दिशेला गेले. काही मुलांना सगळे कंगवे स्पष्ट दिसले आणि तरी त्यांना लिहिता येत नव्हते. तेही आम्ही तसेच नोंदवले. डॉक्टरांचे म्हणणे सगळ्या मुलांना लागू पडत नव्हते. पण जितक्यांना लागू पडत होते, त्यांची नावे कमी होऊ द्यायची नव्हती. रावसाहेबांनी ड्रॉवर उघडला आणि त्या नावांवर स्वतः रेघ मारली. हलीमाचे नाव पहिले होते.

भिंगे मुंबईहून रेल्वेने आली. लहान मुलांच्या मापाच्या फ्रेम मिळेनात, तेव्हा शहरातल्या एका घड्याळदुरुस्तीवाल्याने तारा वाकवून त्या बनवल्या. रिपोर्टात चार शिफारशी गेल्या. पहिली अशी होती: शाळेतील बैठक परीक्षेच्या क्रमांकाने न ठेवता, ज्यांस कमी दिसते त्यांस पुढे बसवावे. चष्मा कुणाला देता आला नाही, तरी हे करता येण्यासारखे होते. रिपोर्टवर डॉक्टरांची आणि रावसाहेबांची सही आहे. ही शिफारस बाबालाल पटवेगाराची होती, हे कागदावर कुठेही नाही. म्हणून इथे लिहिले.

रिपोर्ट छापून सर्व शाळांना माहितीसाठी पाठवला गेला. खात्याची पद्धत. शेवटच्या पानावर कंगव्यांची चित्रेही होती.

वर्षाने मी त्या गावी पुन्हा गेलो. पडवीच्या बाहेरूनच आवाज आला. मुले एका सुरात म्हणत होती, "वर, खाली, डावी, उजवी. खाली, वर, उजवी, डावी." मास्तरांनी शेवटचे पान परवच्यात घेतले होते. पुठ्ठा हाताने फिरवला जात असल्याने या पाठांतराचा काही उपयोग नव्हता, हे मी त्यांना समजावले. ते म्हणाले, "नसू दे. पोरांस्नी दिशा तरी पाठ झाल्या."

बाबालाल रस्त्यावर भेटला. मी मुलीची चौकशी केली.

"लई रुबाब वाढलाय," तो म्हणाला. "सुई ओवायला दिली, की चष्मा काढून बाजूला ठेवती, ओवती, परत घालती. आमच्या घरात एवढा थाट आजवर कुनी केला न्हाय."

"आणि सोयरिकीचं काय?"

"आत्ताच कुठली सोयरीक? आदी चौथी हू दे की."

वर्गात मी पुढच्या रांगेत हलीमाला शोधले. ती तिथे नव्हती. चष्मा लावून मागच्या भिंतीला बसली होती आणि तिथून फळ्यावरचे उतरवत होती. पुढच्या रांगेतल्या तिच्या जागेवर एक मुलगा होता.

"हिला परत मागं का टाकलं?" मी मास्तरांना विचारले. "रिपोर्टात काय लिहिलंय?"

मास्तर काही बोलायच्या आत हलीमाच उभी राहिली.

"मीच गेले, साहेब. मला इथनं दिसतंय. त्या शंकऱ्याला म्होरं बसिवलंय. त्यो मठ्ठ न्हाय. त्येला ऐकू येत न्हाय."

मुलगा वळला नाही. मास्तरांनी मान हलवली. "खरं हाय. मी मागनं हाक मारून बघितली. तीन वरसं त्येला निबर म्हनून मारत हुतो."

मी कोल्हापूरला येऊन डॉ. मगदूमांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, एक कोरा कागद ओढला आणि वर लिहिले: कानांची चौकशी. मग विचारले, "शाळांना कधी कळवायचं?"

या वेळी मी कोणालाही काही कळवले नाही.